साखरबाईच्या नावातली वाळू

सुषमा फरशी पुसायला बसली आणि तिचा हात जागीच थांबला. दारापासून चुलीपर्यंत रक्ताचे ठिपके होते. एकाच पावलाचे, डाव्या. ते जिथं संपत होते तिथं तिची सासू साखरबाई निवांत बसून दुधाला विरजण लावत होती.

"आत्या, पाय बघू तुमचा."

साखरबाईनं पाय पुढं केला. अंगठ्याखालच्या चवड्यात बाभळीचा काटा होता. चप्पल भेदून वर आलेला आणि दारात चप्पल काढताना मोडून अर्धा आत राहिलेला. सकाळी टपरीमागं कुणीतरी कुंपणाच्या फांद्या टाकल्या होत्या, तिथून ती पाण्याचा हंडा घेऊन आली होती. काटा तेव्हाचा. म्हणजे सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत ही बाई त्याच्यावर उभी राहून चहा गाळत होती.

सुषमानं चिमट्यानं काटा उपसला. रक्त भळकन आलं.

"दुखलं का?"

"दुखंल न्हाई तर काय," साखरबाई म्हणाली.

ती खोटं बोलली. तिला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. काटा निघताना सुषमाचं तोंड वाकडं झालं, तेवढ्यावरून तिनं ओळखलं की इथं आपल्याला दुखायला हवं होतं. त्या रात्री तिनं भाकरी न खाताच बाजूला सारली.

काट्याला भ्यावं असं तिचं आयुष्य गेलेलंच नव्हतं. जन्म न्हावऱ्याच्या शिवारात, एका बागायतदाराच्या रानात मेंढरं बसवली होती तेव्हाचा. मालकाला खत म्हणून मेंढरांच्या लेंड्या हव्या असत, त्या बदल्यात धान्य मिळायचं. त्या साली मालकानं धान्यावर शेरभर साखरही घातली. त्याच दिवशी पोरगी झाली. बापानं सगळ्या बिऱ्हाडांना चिमूट चिमूट साखर वाटली आणि पोरीचं नाव साखर ठेवलं. धनगराच्या घरात साखर सणालाही दिसत नसे, त्या काळातली ही गोष्ट. मग दर दिवाळीनंतर घोड्यावर बिऱ्हाड लादून कोकणात जायचं आणि पावसाच्या आत परत यायचं. साखर अनवाणी चालायची. खडक, सराटे, काटे, सगळं त्या तळव्यांनी ओळखून ठेवलं होतं.

लग्न होऊन ती कुरकुंभला आली ती म्हस्कूची बायको होऊन. त्याचीही मेंढरं होती. पुढं माळावर कंपन्या आल्या, कुंपणं आली, चराई संपली. मेंढरं विकली, वाट्याचं एकरभर रान राहिलं, मुलगा ज्योतिबा एका कंपनीत शिफ्टला लागला आणि साखरबाईनं हमरस्त्याच्या कडेला चहाची टपरी टाकली. बारा वर्षं झाली त्याला.

टपरीवर देशभरचे लोक येत आणि प्रत्येकजण साखर आपापल्या तोंडानं मागे. बिहारची पोरं 'चीनी' म्हणत. इंदूरकडचा फिटर 'शक्कर' म्हणे. गुजरातचे ड्रायव्हर 'खांड', विजापूरचे 'सक्करे'. मोडक्या हिंदीपलीकडं साखरबाईला सगळ्या भाषांतला तेवढा एक शब्द येत होता आणि त्याचा तिला थोडा तोराही होता. ती एक गोष्ट मात्र कुणावर सोपवत नसे. प्रत्येक किटली उतरली की बशीत घोटभर चहा ओतून ती स्वतः चाखायची. साखर डोळ्याला कळत नाही, जिभेलाच कळते, हे तिचं म्हणणं. दिवसाला तीस-पस्तीस किटल्या. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, हे साऱ्या जगाला ठाऊक असतं. पण जिचा धंदाच चाखण्याचा, तिनं काय करावं?

मागच्या वर्षी कंपनीच्या फाटकावर तपासणीचं शिबिर झालं होतं. पोरीनं बोटाला टोचलं, यंत्र बघितलं आणि म्हणाली, "मावशी, तुम्हाला शुगर आहे. खूप आहे. दवाखान्यात जा." कागद दिला. साखरबाईनं तो चहापत्तीच्या डब्याखाली सारला. तिच्या लेखी शुगर हा साहेब लोकांचा आजार. इंग्रजी नावाचा, खुर्चीत बसणाऱ्यांना होणारा. न्हावऱ्याच्या तिच्या मामाला मात्र झाला होता. मामाचा पाय गुडघ्याखाली कापला आणि वर्ष व्हायच्या आत मामा गेला. पण मामा सोसायटीचा चेअरमन होता, खुर्चीतलाच माणूस. त्यामुळं आपला न् त्याचा संबंध नाही अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. समजूत घालायला माणसाला काय, कसलाही आधार पुरतो.

काटा निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी तमिळनाडूतल्या नामक्कलचा ट्रकवाला आला. महिन्यातून दोनदा त्याची खेप असे. सगळे त्याला अण्णा म्हणत. या खेपेला तो केबिनमधून उतरताना दोन्ही हातांनी दांडा धरून, एकेक पायरी चाचपत उतरला. बाकड्यावर बसला आणि म्हणाला, "अम्मा, बिना सक्करै."

"क्यूं? हमेशा तो डबल पीता है."

अण्णानं बूट काढला, मोजा काढला. उजव्या पायाची दोन बोटं नव्हती. तिथं गुळगुळीत, गुलाबी कातडी होती. "सक्करै," तो पायाकडं बोट दाखवून म्हणाला. "हमारा उधर बीमारी को भी सक्करै बोलता. कील घुसा, मेरे को मालूम नहीं पड़ा."

साखरबाईनं किटली खाली ठेवली. साखरेला साखर म्हणतात ते ठीक. पण रोगालाही तेच? आणि खिळा घुसला तरी कळलं नाही? तिनं साडीचा काठ खाली ओढून आपला पाय झाकला, जणू अण्णाला तो दिसलाच असता.

दहाच्या सुमाराला हौसराव गुरुजी आले. दौंडच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस. रोज पेपर घेऊन टपरीवर येत. शब्दांचं त्यांना खूळ. चहा हा शब्द चीनमधून आला हे सांगितल्याशिवाय पहिला घोट घेत नसत आणि ऐकणारा कोण आहे याची त्यांना फारशी पर्वा नसे.

"गुरुजी, एक इचारू का? तो अण्णा सक्करै म्हनतो, इजापूरवाले सक्करे म्हनत्यात. ती आपलीच साखर का वो?"

गुरुजींनी पेपरची घडी घातली. इतक्या वर्षांत कुणी आपणहून विचारलं नव्हतं. "साखरबाई, तुमचं नाव किती हिंडलंय याची तुम्हाला कल्पना नाही. मूळ शब्द शर्करा. त्याचं सक्करा झालं. कानडीत सक्करे, तमिळमध्ये सक्करै, आपल्याकडं साखर. इराणात गेला तिथं शकर. अरबांनी सुक्कर केलं. अरबांकडून तो युरोपात पोचला. रशियात तर सखर म्हणतात, जवळजवळ तुम्हालाच हाक मारतात. आणि इंग्रजाचं शुगर."

"शुगर?"

"तोच शब्द की. वेश बदललेला."

साखरबाई खाली बसली. "म्हंजी शुगर झाली म्हंत्यात ती..."

"साखरच. दुसरं काय?"

"आन् समद्यांच्या आधी काय व्हतं? मुळातलं?"

"मुळात शर्करा म्हणजे वाळू. खडे, कच. ऊस आटवून पहिले दाणे पडले ते वाळूसारखे दिसले असतील, म्हणून लोकांनी वाळूचंच नाव त्याला दिलं."

आता गुरुजींना कोणी सांगावं, की पुढ्यातल्या बाईचं तोंड बघून बोलावं? विद्वान माणूस बोलायला लागला की त्याला समोरचा दिसत नाही, शब्दच दिसतात. ते खुशीत चहा पिऊन गेले. इकडं साखरबाईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कारण महिनाभर तिला चालताना चपलेत वाळू शिरल्यासारखी वाटत होती. दिवसातून चारदा ती चप्पल काढून झटकायची. एक कण पडत नसे. पुन्हा पाय घातला की वाळू.

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच घोळायला लागलं. रोग बाहेरून आलेला नाही. बापानं वाटलेल्या साखरेबरोबरच तो अंगात शिरला, नावाच्या आत दबा धरून बसला आणि आता वर निघाला. ताप आला तर उतरतो, विंचू चावला तर उतरतो. नावात असलेलं कसं उतरणार? आणि हाक तर जो तो मारत होता. साखरमावशी, दोन कटिंग. साखरबाई, शेव हाय का? प्रत्येक हाकेला ती आधी पायाकडं बघे.

दवाखान्यात जा असं सुषमानं तीनदा सांगितलं. "जाते की," म्हणून साखरबाईनं तीनदा टाळलं. दवाखाना म्हटलं की तिला मामाची रिकामी लेंग्याची नळी दिसे, गाठ मारलेली. तिनं हळद-तेल लावलं, मग मेंढरांच्या खुरांना लावतात ते मोरचुदाचं निळं पाणी लावलं. आठवड्यानं चवड्याभोवतीची कातडी निळी पडली, अंगठा काळवंडला. वास यायला लागला तशी ती टपरीवर पाय गोणपाटात गुंडाळून, गॅसच्या मागं ठेवून उभी राहू लागली. गिऱ्हाइकानं नाक मुरडलं की ती पाय आणखी मागं सारे. पाय मात्र गप्प होता. दुखत नाही म्हणजे फार नसेल, असं ती दिवसा म्हणायची आणि अंथरुणावर पडली की तीच गोष्ट तिला सगळ्यात भयंकर वाटायची.

शेवटी एका दुपारी ज्योतिबा शिफ्टला होता, सुषमा टपरीवर गेली होती, तेव्हा तिनं नवऱ्यापुढं पाय ठेवला. म्हस्कू बघतच राहिला. मेंढरांत सारा जन्म गेलेल्या माणसाला सडलेलं मांस ओळखायला वेळ लागत नाही.

"हे कवाधरनं हाय?"

"असंल बारा-पंधरा दीस. मेंढराचा खूर असा झाला म्हंजी तुम्ही काय करायचासा?"

"तू काय मेंढरू हायस?"

"डाग द्या."

म्हस्कू नको म्हणाला. दौंडला जाऊ म्हणाला. मग साखरबाई रडली, न्हावऱ्याच्या मामाची आठवण काढली आणि बिरोबाची आण घातली. "नावातच हाय वो माज्या. डॉक्टर काय नाव कापनार हाय? पायच कापंल." म्हस्कूला यातलं अक्षर कळलं नाही. पण बायको इतकी भ्यालेली त्यानं आजवर पाहिली नव्हती आणि भ्यालेल्या माणसाला नाही म्हणणं त्याला कधी जमलं नव्हतं.

त्यानं चुलीत सळई घातली. डाग देणं हे त्याच्या हातातलं काम. शेकडो जनावरांना दिले असतील, माणसांनाही, कंबरेला, पोटाला. त्याचा एक नियम असतो, तो बापानं लेकाला शिकवायचा. सळई सडक्या मांसावर टेकवायची आणि जनावराच्या अंगाकडं लक्ष ठेवायचं. सडकं जळतं तोवर ते गप्प उभं राहतं. सळई जित्या मांसाला पोचली की ते हिसडा देतं. हिसडा बसला की त्याच क्षणी हात काढायचा. किती वेळ धरायचं ते मेंढरूच सांगतं.

साखरबाईनं पदराचा बोळा दातांत धरला आणि डोळे गच्च मिटले. म्हस्कूनं तिचा घोटा गुडघ्याखाली दाबला आणि लाल सळई चवड्यावर टेकवली. तो हिसड्याची वाट बघू लागला.

चर्रचर्र आवाज आला. धूर आला. हिसडा नाही. म्हस्कू धरून राहिला. त्याला वाटलं, बाई धीराची, सोसते आहे. त्याच्या कपाळावरचा घाम सळईवर पडून वाजला. हिसडा नाही. जळक्या मांसाच्या वासानं दारातली कोंबडी फडफडत बाहेर पळाली.

साखरबाईनं तोंडातला बोळा काढला, डोळे मिटलेलेच ठेवले आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "ठिवली का?"

म्हस्कूच्या हातातून सळई गळून पडली. तिनं डोळे उघडले. आधी तिनं नवऱ्याचं पांढरं पडलेलं तोंड बघितलं, मग पाय. हाडाचं टोक दिसत होतं. तिला ओरडता आलं नाही. कारण ओरडण्याजोगं काही होतच नव्हतं.

आगीतून निघून फुफाट्यात, तशी ती तासाभरात दौंडच्या एका दवाखान्यात पोचली. डॉक्टरीणबाई वयानं सुषमाएवढी. तिनं पाय बघितला, डाग कुणी दिला ते विचारलं, म्हस्कूनं मान खाली घातली. तिनं सुई काढली.

"मावशी, टोचलं की सांगायचं. कळलं?"

साखरबाईला हे माहीत होतं. टोचलेलं कळत नाही म्हटलं की कापतात. ती डॉक्टरीणबाईच्या खांद्याकडं बघत राहिली. खांदा हलला की म्हणायची, "टोचलं." पुन्हा हलला. "टोचलं." पुन्हा. "टोचलं."

"मावशी, या वेळी मी टोचलंच नव्हतं."

साखरबाईनं तिच्या खांद्यावरची नजर काढून घेतली. मग डॉक्टरीणबाई स्टूल ओढून जवळ बसली आणि तिनं सरळ सांगितलं. अंगठा गेलाच आहे. शेजारची बोटंही ठेवता येणार नाहीत. रक्तातली साखर थोडी खाली आणली की परवा सकाळी मेलेलं मांस साफ करत करत मागं यायचं. जिवंत मांस लागलं, लाल रक्त आलं, की तिथं थांबायचं. टाच वाचली तर चालता येईल. घोट्यापर्यंत काहीच जिवंत लागलं नाही, तर पाय गुडघ्याखाली काढावा लागेल.

"आन् भूल?" म्हस्कूनं विचारलं.

"पुढच्या भागाला लागणारच नाही, आबा. मागच्या भागाला लागलीच तर सुई तयार ठेवू."

दुसऱ्या दिवशी हौसराव गुरुजी मोसंबी घेऊन आले. सुषमानं त्यांना सगळं सांगितलं होतं. ते खाटेजवळ आले, पण बसले नाहीत.

"साखरबाई, चूक माझी. शब्दात रोग नसतो हो. लोक वाळू म्हणाले कारण दाणे तसे दिसले, एवढंच. शब्दानं कुणाचा पाय जात नाही."

"व्हय," साखरबाई म्हणाली. "काट्यानं गेला, चाखून गेला, माज्या अडानीपनानं गेला. पर गुरुजी, तुम्ही आपलं सांगून निघून गेलासा. मी महिनाभर वाळूवर चालत व्हते. मला त्या दिशी कुनी तरी इचारायला पायजे व्हतं, की बाई, तू अशी पांढरी का पडलीस."

गुरुजींनी मोसंबी खाटेवर ठेवली, मग मोसंबीही तिला चालणार नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते ती एकेक करून परत पिशवीत भरू लागले.

परवाची सकाळ उगवली. म्हस्कूला बाहेर थांबवलं. साखरबाईला टेबलावर घेतलं आणि डॉक्टरीणबाईनं स्वतःच्या हातानं तिच्या डोळ्यांवर हिरवं फडकं टाकलं. "मावशी, आता माझ्याकडं बघून काही सांगायचं नाही."

फडक्याखाली काळोख होता. सिस्टरचा हात तिच्या मनगटावर होता, तेवढाच काय तो आधार. पायाकडून फक्त आवाज येत होते. कात्रीचा. मग काहीतरी ट्रेमध्ये पडल्याचा, टप्प. तिचंच काहीतरी होतं ते. साखरबाई मनात कुरकुंभच्या फिरंगाईदेवीचं नाव घेत होती आणि कान पायाकडं लावून होती.

"अजून मागं," डॉक्टरीणबाई म्हणाली.

टप्प.

"अजून."

तिला कापतात कुठं तेही कळत नव्हतं. अर्धं पाऊल गेलं असेल का? टाच गेली असेल? तिला मामाची गाठ मारलेली नळी दिसली. आयुष्यभर दुखणी टळावीत म्हणून नवस केले होते. आता ती अंधारात दुखणं शोधत होती आणि ते कुठंच सापडत नव्हतं.

"अजून थोडं."

मग खूप लांबून, विस्तवाची ठिणगी पडावी तसं काहीतरी झालं. साखरबाईनं श्वास धरला. भास असेल. पुन्हा झालं, या वेळी मोठं, घोट्याच्या अलीकडं.

"दुखतंय," ती हळूच म्हणाली. आपल्यावर कोण विश्वास ठेवणार, हे तिला ठाऊक होतं.

कात्री थांबली. "मावशी, खरं सांगा. कधी टोचेन, कधी नाही. आता?"

"न्हाई."

"आता?"

"न्हाई."

"आता?"

"आई गं," साखरबाई कळवळली आणि तिचा सगळा पाय टेबलावरून उसळला.

"रक्त बघा," डॉक्टरीणबाई सिस्टरला म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "चांगलं लाल आहे. इथंच थांबायचं. टाच राहिली, मावशी."

कळ आता टाचेतून पोटरीत चढत होती, जाळत होती. साखरबाईच्या डोळ्यांवरचं फडकं ओलं झालं. ती हुंदके देऊन रडायला लागली तशी सिस्टर घाईनं भुलीची सुई घेऊन पुढं आली. साखरबाईनं चाचपून तिचं मनगट घट्ट धरलं.

"ऱ्हाऊ द्या, बाई," ती म्हणाली. "जरा येळ दुखू द्या मला."